मधला माणूस

नागपुरात नोकरीवर रुजू झालो तेव्हा धंतोलीतल्या एका कौलारू घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली. खोली पाहायला गेलो तर घरमालकांनी भाडं सांगितलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही नाही. म्हणाले, "तुमचं कॉलेज इथून किती लांब पडेल तुम्हाले?"

"असेल मैल-दीड मैल."

"कोणाच्या मापानं?"

मी हसलो. ते हसले नाहीत. दारातच उभे राहून उत्तराची वाट पाहत राहिले. शेवटी मी म्हणालो, "माझ्या पायांच्या." त्यांना ते पटलं असावं, कारण त्यांनी किल्ली काढून हातात दिली. त्या घरात मी पुढे सहा वर्षं काढली.

मालक मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले होते. उंच, वाळलेले, डोक्याला पांढरा रुमाल, आणि जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, ओढून ओढून उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरलेला. मध्यप्रांताची निम्मी जंगलं त्यांनी पायाखाली घातली होती. सरकारनं त्यांना घरी बसवलं तरी त्यांची मोजणी काही बसली नव्हती. रस्त्यानं जाताना ते पावलं मोजत. कोणी नमस्कार केला की नुसता हात वर करत, तोंडातून शब्द काढत नसत. एखाद्या चिवट माणसानं थांबवून बोलायलाच लावलं, तर बोलणं संपल्यावर मागच्या कोपऱ्यापर्यंत परत जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. नवे जोडे घेतले की आठवडाभर घरासमोर येरझारा चालत, कारण जोडा बदलला की पाऊल बदलतं. मोहल्ल्यातली शहाणी माणसं त्यांना लांबून येताना पाहिलं की गल्ली बदलत. त्यात तिरस्कार नव्हता, दया होती.

त्यांची पोलादी टेप देवघराच्या फळीवर असे. खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहत, आणि लागलीच एरंडेल तेलाच्या फडक्यानं पुसून काढत, कारण हळदीनं टेपला गंज चढतो. देव आणि टेप दोघांचीही मर्जी सांभाळायची तर एवढं करावंच लागे. फाल्गुन लागला की सकाळी नऊनंतर टेप कोणालाही मिळत नसे. नागपूरच्या उन्हात शंभर फुटांची टेप सहज पाव इंच वाढते. "टेपले ऊन लागते," असं ते आजाऱ्याबद्दल बोलावं तसं सांगत. त्यावर काकू, म्हणजे मालकीणबाई, आतून म्हणत, "ऊन मलेबी लागते. पन मले कोणी सावलीत नाई निजवत."

काकूंचं सगळं बोलणं असं आतून येई. समोर येऊन त्या क्वचितच बोलत, पण एकही वाक्य वाया जात नसे.

एकदा एक पाहुणे मुलीच्या लग्नाची बोलणी करायला निघालेले. त्यांनी सहज विचारलं, वराचं गाव इथून किती? मालकांनी विचारलं, "बैलानं की टेपनं?" मग हिवाळ्यातलं अंतर हवं की उन्हाळ्यातलं. मग मूळ मोजणी कोणाच्या तुकडीनं केली होती, आणि ती तुकडी भरवशाची का नव्हती. पाहुण्यांची गाडी चुकली. ते सोयरीक करायला गेलेच नाहीत, आणि पुढे त्या मुलीला त्याहून बरं स्थळ मिळालं. काकू हे श्रेय मालकांना देत.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो, पण मालकांच्या लेखी शिकवणारा तो मास्तर. मला त्याचा राग येई. पुण्याहून पहिल्या वर्गात पास होऊन आलो होतो, आणि नागपुरात आपल्याएवढं कोणाला काही कळत नाही, अशी माझी समजूत होती. ती उतरायला फार दिवस लागले नाहीत.

संध्याकाळी ओट्यावर बसलं की मालक नोकरीतल्या गोष्टी सांगत. त्यात एक गोष्ट ठरलेली होती. कुठल्याशा कालव्यासाठी आधाररेषा मोजायची होती. पुढची सगळी मोजणी जिच्यावर उभी राहते ती पहिली रेघ म्हणजे आधाररेषा. ती चुकली की सगळंच चुकलं. टेपचं एक टोक मालकांच्या हाती, दुसऱ्या टोकाशी डोमाजी नावाचा खलाशी, म्हणजे मोजणीतला मदतनीस. जमिनीत ठोकलेल्या खुंटीवर खूण असे. टेप ताणून धरायची आणि दोघांनी आपापल्या खुणेवरचा आकडा वाचायचा. मैलभर असं टेपमागून टेप मोजत जायचं. काम झालं, आणि मग दुसऱ्या तुकडीनं तीच रेघ मोजली तर दोन्हींत दोन इंचांचा फरक निघाला. मालकांनी दोन दिवस डोमाजीवर नजर ठेवली, आणि तो आकडा उशिरा वाचतो हे पकडलं. डोमाजी उलट म्हणाला, साहेब, तुम्हीच आधी वाचता. मालकांनी फील्डबुकात शेरा मारला, 'खलाशाचं वाचन खोटं', आणि त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं.

"तीस वर्षांच्या नोकरीत एकच माणूस काढला," ते म्हणत. "पण मापासाठी काढला. माप खोटं नसते मास्तर, मापणारा खोटा असते."

ही गोष्ट सुरू झाली की काकू ओट्याच्या आतल्या बाजूला बसलेल्या असल्या तर तांब्या उचलून उठून जात. माझ्या हे ध्यानात आलं होतं, पण मला वाटे, ऐकून ऐकून कंटाळल्या असतील.

माझ्या तिसऱ्या वर्षी गावातल्या एका वाचनालयानं माझं व्याख्यान ठेवलं. विषय मीच दिला होता: सापेक्षता आणि अंतराचं मोजमाप. मराठीत, सामान्य श्रोत्यांसाठी. तीसेक माणसं आली. त्यांतली दहा पुढच्या भजनासाठी लवकर येऊन बसलेली. मालक पहिल्या रांगेत, मांडीवर छत्री आडवी घेऊन.

मी रंगात आलो होतो. म्हणालो, समजा, आपल्या स्टेशनातून एक गाडी धावत चालली आहे, प्रकाशाच्या वेगाला जवळपास गाठेल इतक्या वेगानं. फलाटावरच्या माणसांनी तिची लांबी मोजली तर ती आखूड भरेल. गाडीत बसलेल्यानं मोजली तर पुरी भरेल. श्रोत्यांत चुळबुळ झाली. मला बरं वाटलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून छत्री वर आली.

"मास्तर, चालत्या गाडीची दोन टोकं कोणी वाचली?"

"फलाटावरच्या दोन माणसांनी. एकानं इंजिनाच्या नाकाशी फलाटावर खूण केली, एकानं गार्डच्या डब्याच्या शेवटाशी."

"एकाच वेळी?"

"अर्थात. नाहीतर गाडी मधल्या वेळात सरकेल."

"एकाच वेळी केली हे कोणी ठरवलं?"

हा प्रश्न मी पुढे दहा मिनिटांनी मोठ्या नाट्यानं स्वतःच काढणार होतो. तो त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. बी.एस्सी.च्या वर्गात तीन वर्षांत तो मला एकाही मुलानं विचारला नव्हता. मी जरा चिडूनच उत्तर दिलं. फलाटाच्या बरोबर मध्यावर एक माणूस उभा करायचा. दोन्ही खुणांच्या जागी खूण करताना दिवा लागेल. दोन्हींचा उजेड मधल्या माणसाला एकदम पोचला, तर दोन्ही खुणा एकाच वेळी झाल्या. हा फलाटाचा मधला माणूस. पण गाडीच्या मध्यावरही एक माणूस बसलाय. तो पुढच्या दिव्याकडे धावतो आहे आणि मागच्यापासून पळतो आहे, म्हणून त्याला पुढचा उजेड आधी भेटतो. तो म्हणतो, तुम्ही पुढची खूण आधी केली आणि मागची उशिरा. मधल्या वेळात गाडी पुढे आली, म्हणून तुमचं अंतर आखूड भरलं. फलाटवाला म्हणतो, छे, मी तर एकाच वेळी केली. "आणि गंमत अशी," मी म्हणालो, "की दोघंही खरं बोलतात. गाडी कोणी दाबली नाही, पट्टी कोणी कापली नाही. 'एकाच वेळी' म्हणजे काय, यावरच दोघांचं एकमत नाही."

भजनी मंडळींपैकी एकानं टाळी वाजवली. मी मालकांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना बरं वाटत नसावं असं समजून मी व्याख्यान आटोपतं घेतलं. घरी परतताना ते पावलं मोजत नव्हते, हे मला जोड्यांच्या आवाजावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी सातला त्यांनी मला अंगणात बोलावलं. टेप काढलेली, दोन खुंट्या ठोकलेल्या. एक टोक माझ्या हाती, दुसऱ्याला ओढ मोजणारा ताणकाटा लावून ते स्वतः. टेप त्यांच्या बाजूला अगदी सावकाश सरकत राहील अशी ओढ त्यांनी दिली. म्हणाले, ओढताना ती अशी सरकतेच, माणूस काही खांब नसतो. ते 'वाच' म्हणतील तेव्हा मी खुणेवरचा आकडा वाचायचा. त्यांनी 'वाच' म्हटलं, मी वाचला. वीस वेळा. दर वेळी अंतर खऱ्यापेक्षा केसभर जास्त निघालं.

"तुम्ही उशिरा वाचून राहिले, मास्तर."

"मी ऐकल्याबरोबर वाचतोय!" मी चिडलो. "तुम्हीच आधी वाचता. तोंड उघडायच्या आत तुमचा आकडा झालेला असतो."

ते एकदम खाली बसले. टेप हातातून सुटून माझ्याकडे सळसळत आली. मी काय बोललो ते मला कळायला क्षणभर लागला. डोमाजीही शब्दाला शब्द हेच म्हणाला होता.

मग त्यांनी काकूंना हाक मारली. काकू हातातलं उलथणं तसंच घेऊन आल्या. त्यांना टेपच्या मध्याशी उभं केलं. आता हाक त्यांनी द्यायची. "वाचा!" काकू ओरडल्या. दोघांनी वाचलं. पुन्हा ओरडल्या. वीस वेळा. फरक जवळजवळ नाहीसा झाला.

"साहेबलोकाईचा नियम होता," मालक जमिनीकडे पाहत म्हणाले. "वही लिहिणारा मध्यावर उभा राहीन आणि तोच हाक देईन. तीन माणसांचं काम. मी म्हटलं, फुकट खाणारा माणूस कशाले पाहिजे? वहीबी मीच लिहितो, हाकबी मीच देतो. मधला माणूस मी काढला. काम लवकर उरकायचा चटका होता नं मले."

मी शिक्षकाच्या सवयीनं सांगून टाकलं की यात सापेक्षता वगैरे काही नाही. टेप मुंगीच्या चालीनं सरकते. हा आवाज पोचायला लागणारा वेळ, आणि ऐकून डोळा हलायला लागणारा वेळ, एवढाच मामला.

"ते कळते मले," ते म्हणाले. "पण सवाल तोच आहे नं? हाक कुठून दिली?"

त्या दिवशी ते जेवले नाहीत. काकूंनी मला वाढलं, आणि पहिल्यांदाच समोर बसून बोलल्या. "चौदा वर्षं झाली, भाऊ. डोमाजीले काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची बायको सावनेराहून आली, आमच्या तंबूत. दोन घंटे माह्यापाशी बसली. काई मांगलं नाई. फकत म्हने, काढाचं असन तं काढा, पन माह्या माणसाले खोटा म्हणू नका. म्या यायले, तुमच्या मालकाले, सांगतलं. यायनं आयकलं नाई." पानात भाजी वाढत त्या म्हणाल्या, "तवापासून त्याच्या गावात वावराचं माप असो का कापसाचं, लोक म्हणतात, डोमाजीले हात नका लावू देऊ, त्याले सरकारनं खोटं वाचलं म्हणून काढलं. माह्या माहेरचं कोणी भेटलं का सांगते. माहेर जवळच हाये माह्यं."

हे मालकांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांना ते आतापर्यंत योग्यच वाटत आलं होतं.

पुढे तीन आठवडे ते सावनेरला जायचं म्हणत आणि जात नसत. कधी पाऊल दुखे, कधी गाडीची वेळ चुके. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. आणि खरं सांगायचं तर भीती वाटत होती. उन्हातान्हात वाघाच्या रानात हिंडलेला माणूस डोमाजीच्या अंगणाला भीत होता. शेवटी काकू म्हणाल्या, "मास्तरले संग न्या. एकटे जासान तं अर्ध्या रस्त्यातून वापस येसान."

इतवारी स्टेशनाहून लहान रुळांच्या गाडीनं आम्ही निघालो. संक्रांत नुकतीच झाली होती, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. मालक खिडकीबाहेर पाहत होते आणि ओठ हलत होते. मला वाटलं मैलाचे दगड मोजत असतील. पण ते डोमाजीशी काय बोलायचं याची उजळणी करत होते. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "एवढं मनाला लावून घेऊ नका. त्याच्या जागेवरून तो बरोबर होता, तुमच्या जागेवरून तुम्ही. दोघंही खरं बोलत होतात." मी हे का म्हटलं? त्यांचा चेहरा पाहवत नव्हता म्हणून. ते खरं नाही हे मला पक्कं माहीत होतं. ते दोघे काही वेगवेगळ्या गाड्यांत बसलेले नव्हते, एकाच जमिनीवर उभे होते, आणि हाक चुकीच्या जागेवरून दिली गेली होती. पण मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना पाणी दिलं.

गाव सावनेरापासून कोसभर आत. डोमाजीच्या अंगणात कापसाचा ढीग पडलेला, तो आणि त्याची बायको कचरा वेचत होती. ओट्यावर चार शेजारी तंबाखू मळत बसलेले. डोमाजीचे केस पांढरे झाले होते. त्यानं मालकांना ओळखलं, उठला, बाज टाकली, पाणी दिलं. त्याची बायको उठून दाराशी जाऊन उभी राहिली.

मालक बसले नाहीत. "डोमाजी गा," ते म्हणाले, "तुझं वाचन बरोबर होतं."

"कोनतं, साहेब?"

"सगळं."

 शेजाऱ्यांचे हात थांबले. मालक गडबडले, आणि भराभर बोलू लागले: हाक, कान, सरकणारी टेप, फलाट, दोन दिवे. शेवटी माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हे कॉलेजातले मास्तर आहेत. हे सांगतात, तुझ्या जागी तू बरोबर, माझ्या जागी मी बरोबर. दोघंही बरोबर."

डोमाजी माझ्याकडे वळला. "असं हाये का, मास्तर?"

मी म्हणालो, "हो. म्हणजे एका अर्थानं..."

तो ते नीट मनात घोळवताना दिसला. मग म्हणाला, "दोघंबी बरोबर होतो, तं घरी मीच काहून आलो?"

 मला लाज वाटली, ती अजून वाटते. आधार म्हणून दिलेलं माझं वाक्य त्या अंगणात लबाडी ठरलं होतं, आणि ती कोणाची होती हे मला आणि डोमाजीला दोघांनाही कळत होतं.

 मालक हळू म्हणाले, "कारण वही माझ्या हाती होती." आणि मग, "मास्तरचं सोड. दोघं बरोबर नव्हतो. हाक मी माझ्या टोकावरून दिली. चूक माझी होती. तू मले सांगतलं होतं, मी आयकलं नाही."

"हे लिवून द्या," डोमाजी म्हणाला.

मालकांनी खिशातून कागद-पेन्सिल काढली, बाजेच्या काठावर बसून गुडघ्यावर कागद ठेवला आणि लिहिलं. सही केली, हुद्दा लिहिला. एक प्रत खात्याला पाठवतो म्हणाले. डोमाजीनं कागद हातात घेतला नाही. म्हणाला, "वाचा."

मालकांनी वाचलं. "डोमाजी खलाशी याचं वाचन बरोबर होतं. शेरा मी चुकीनं मारला. चूक माझी आहे."

"वट्ट्यावरच्या लोकाईले आयकू नाई आलं, साहेब."

मालक उभे राहिले आणि मोठ्यानं वाचलं.  ओट्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "आलं, आलं आयकू." दुसऱ्यानं मान खाली घातली.

तेव्हा दाराशी उभी असलेली डोमाजीची बायको पहिल्यांदा बोलली.

"मले नाई आलं," ती म्हणाली.

ती मालकांपासून दोन हातांवर उभी होती. मालकांनी डोक्यावरचा रुमाल काढला, तिच्याकडे तोंड केलं आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.